कॉर्नीचे तळवे

लूक मॅगिनला मी तीन वर्षं मनसोक्त शिव्या घातल्या. बेसबॉलच्या सामन्यात तो चेंडू टाकायचा, माझा नवरा कॉर्नी फळीवाल्याच्या मागे उभा राहून उघड्या हातांनी झेलायचा. हातमोजे घालणाऱ्याला तेव्हा अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावात, बायल्या म्हणायचे. मग काय, दर सामन्यानंतर कॉर्नीचे तळवे भाकरीसारखे टम्म फुगलेले, आणि मी मिठाच्या गरम पाण्याचं घमेलं घेऊन बसलेली. लूक आमच्याच घरी राहायचा, माझ्याच हातचं बटाटा-कोबी हादडायचा.

"मेल्या, हात मोडलास माझ्या नवऱ्याचा!"

"वहिनी, शिव्या नंतर. आधी वाढा."

संघाचे मालक क्रँडलसाहेब. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नसे. हंगाम संपला की घरी येत, कॉर्नीचे तळवे उलटून बघत. सुजलेले दिसले, म्हणजे चेंडूत जोर आहे, की लूकची पुढच्या वर्षाची नोकरी पक्की. नाहीतर त्याला पुन्हा लोखंडाची भट्टी, आणि गावाकडे म्हातारी आई त्याच्याच पैशावर.

ऑगस्टात एकदा कॉर्नी आला तो हात अगदी मऊ. मी खूश. "बरं झालं बाई, आज मीठ वाचलं!"

तो हसला नाही. "लूकचा खांदा गेला, नोरा. चेंडू येतो, पण चावत नाही. कुणाला बोलू नकोस."

शेवटचा सामना आमच्या फळीवाल्यांनी कसाबसा तारला. कॉर्नी धावतच घरी आला आणि माझं कपड्यांचं धोपाटणं माझ्यापुढे धरलं.

"मार. स्वतःला मारताना हात आखडतो माझा."

"वेड लागलंय का तुला?"

"क्रँडल येतोय. मार, नोरा!"

मारलं. रडत रडत मारलं. ज्या तळव्यांना इतकी वर्षं शेकलं, त्यांच्यावरच मी धोपाटणं चालवलं. कॉर्नीने दात आवळून धरले होते.

क्रँडलसाहेब आले, पाठोपाठ लूकही. साहेबांनी तळवे उलटले आणि मान डोलावली. "वा! मॅगिन, तुझा हात अजून तोफ आहे. पुढच्या वर्षीही तूच."

लूक ते तळवे बघत राहिला. मग कोपऱ्यातलं धोपाटणं, मग माझे डोळे.

"साहेब, हे माझ्या चेंडूंनी झालेलं नाही," तो म्हणाला. "माझा खांदा कामातून गेलाय. आजचे चेंडू वहिनींनीसुद्धा पदरात झेलले असते."

साहेब टोपी घालून निघून गेले.

"गाढवा!" कॉर्नी ओरडला. "सोन्यासारखी नोकरी घालवलीस! उगाच मार खाल्ला का मी?"

"आणखी किती वेळा खाणार होतास?"

लूकने चुलीवरचं पाणी स्वतः घमेल्यात ओतलं. उजवा हात वर जाईना, म्हणून डाव्याने फडताळातून मीठ काढलं. कॉर्नीपुढे खाली बसून त्याने ते दोन्ही हात पाण्यात धरले.

"वहिनी, आता द्या शिव्या," तो म्हणाला.

"शिव्या नंतर," मी म्हणाले आणि त्याचं ताट वाढायला घेतलं.