शिळेचा श्वास

लाल दगडी सुळक्यांच्या मधोमध चाळीस माणसं अनवाणी गोल करून उभी होती. त्यांच्या बोटांना मुंग्या येत होत्या. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं. सॅन दिएगोची एक बाई तर सुळक्याला मिठी मारून "आई, आई" करत होती. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नऊ हजार फुटांवरच्या या वाळवंटातले, वाऱ्याने नि बर्फाने कोरलेले हे सुळके मी जन्मापासून पाहतेय. एकालाही लेकरू झाल्याचं ऐकिवात नाही.

मधे ओरायन उभा. खरं नाव केविन. तीन वर्षांपूर्वी गाद्या विकायचा.

"श्वास घ्या! सोडा! आणखी भराभर! शिळा तुमच्यातून श्वास घेतेय! पाणी नको, पाण्याने तिचा आवाज बुडतो. गोळ्या नकोत, गोळ्या म्हणजे आत्म्याला कुलूप!"

आमच्याकडे पाण्यावाचून पायवाटेवर पाऊल टाकणाऱ्याला वेडा म्हणतात. याने सगळ्यांच्या बाटल्या गाडीतच ठेवायला लावल्या होत्या. समुद्रकाठच्या लोकांचं सोडा, इतक्या उंचीवर त्यांना जिना चढतानाही देव दिसतो. पण त्या गोलात माझा भाऊ वर्डेल होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. आठ दिवसांपूर्वी त्याने गोळ्यांची बाटली एका सुळक्याच्या भोकात ठेवून दिली होती.

"मूर्खा, मरशील," मी म्हटलं.

"लिओरा, उंचीने गरगरतं ते बाहेरच्यांना. मी तर इथलाच. मग मला मुंग्या कशाने येतात, सांग की!"

तेच विचारायला मी आर्डिथबाईंकडे गेले. आम्हा दोघांना विज्ञान त्यांनीच शिकवलेलं. आता वय एक्याऐंशी.

दुसऱ्या सकाळी मंडळी निघण्याआधी बाई वाहनतळावर हजर. कचऱ्याच्या डब्याशेजारी खुर्ची मांडली.

"वर्डेल, तू नुसता बघ. लिओरा, बैस. तो शिकवतो तसा श्वास घे. तुझं हृदय दणकट आहे."

दोन मिनिटांत माझी बोटं झिणझिणली, ओठ बधिरले, डोळ्यांतून पाणी आलं.

"बास! ही कुणाची कृपा, लिओरा?"

"कचऱ्याच्या डब्याची, बाई."

सॅन दिएगोची बाईही खुर्चीत बसली. तिलाही मुंग्या आल्या. या वेळी तिने कुणाला आई म्हटलं नाही.

"शिळेची लहर इथवर पोचते!" केविन ओरडला.

"मग यांना उन्हात तीन मैल कशाला चालवतोस?" बाई म्हणाल्या. "भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि बोटांना मुंग्या येतात. त्यात तहानेची भर. शिळेचा काडीचा संबंध नाही."

"पण बाई, मला हलकं वाटतं हो," वर्डेल पुटपुटला.

"आणखी हलका झालास तर सहा जण तुला खांद्यावरून नेतील."

वर्डेल खाली बसला आणि त्याने पाणी मागितलं.

पाणी पाठीला बांधून मी वर गेले. त्या सुळक्याच्या भोकात हात घातला. वर्डेलची बाटली मिळाली. तिच्यामागे आणखी सात होत्या. शेवटी दम्याचा एक छोटा पंप, त्यावर निळ्या माशाचं चित्र चिकटवलेलं.

खाली आले तोवर केविनची गाडी पसार झाली होती. वर्डेलने माझ्यासमोर गोळी गिळली. पंपावरच्या औषधदुकानाच्या चिठ्ठीवरून मी पत्ता लावून फोन केला. मागच्या आठवड्यात केविनकडे आलेल्या कुटुंबातली सहा वर्षांची पोर इस्पितळात होती. वाचली.

कुणी चमत्कार दाखवला तर तो एकदा कचऱ्याच्या डब्याशेजारी करून पाहा. तिथेही झाला तर त्यात देव नाही. आणि औषध टाकायला सांगणाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवण्याआधी ते डोकं वापरा.