मधूचं खोकं

सुगंधाला राग यायला कारण लागायचं नाही, आणि कारण मिळालंच तर मग विचारायलाच नको. नववीत गणिताच्या बाईंनी अख्ख्या वर्गासमोर तिची वही नाकाशी धरून "काय गं, मासळी बाजारात अभ्यास करतेस का?" म्हटलं, तेव्हा तिने तीच वही बाईंच्या टेबलावर आपटली, दप्तर उचललं आणि जी निघाली ती परत शाळेत गेलीच नाही. मुलुंड ईस्टच्या त्या चाळीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. आई रडली. बाबांनी दोन थोबाडीत दिल्या. मोठा भाऊ मधुकर तेवढा हसला.

"आवाज चांगला आला ना वहीचा? मग झालं तर. चल, आता मला हात लाव जरा."

हात लावायचा होता तो चहाच्या रिकाम्या खोक्याला. मधू पवईला एका कॉलेजच्या बागेत माळ्यांच्या हाताखाली कामाला होता. तिथले एक सर गांडुळांना कचरा खायला घालायचे आणि त्याचं खत करायचे. झालं, मधूच्या डोक्यात तेच शिरलं. वाण्याकडून त्याने पत्र्याच्या कडांचं प्लायवूडचं खोकं मागून आणलं. स्टोव्हवर खिळा लाल करून तळाला भोकं पाडली.

"दाबू नकोस, फाटेल. पाणी खाली निघून गेलं पाहिजे, नाहीतर बुडून मरतील बिचारी."

तळाला विटांचे तुकडे, त्यावर नारळाची सोडणं, मग तबेल्यातलं जुनं, थंड झालेलं शेण आणि वाळकी पानं. खोकं चार विटांवर चढवलं आणि वरून ओलं गोणपाट घातलं. मग डालड्याच्या डब्यातून मधूने गांडुळं ओतली. लाल, बारीक, एकमेकांत गुंतलेली.

"शीऽ! हे घरात ठेवणार तू?"

"घरात कुठे, गॅलरीत. आणि शी काय? तू दोन वेळा जेवतेस, तशी ही पण जेवणार. भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं. तुझ्यासारखी कटकट नाय."

"आणि माशाची डोकी?"

"नाय. मासा नाय, मीठ नाय, तेल नाय, आणि गरम तर अजिबात नाय. ह्यांचं अंग म्हणजे नुसती साय असते गं. मीठ लागलं की खेळ खलास."

शेजारच्या नलिनीकाकूंनी दारातूनच नाकाला पदर लावला. "मधू, अरे माणसं कुत्रा पाळतात, पोपट पाळतात. तू हे काय पाळतोस?"

"काकू, पोपट उलट बोलतो. ही बोलत नाहीत."

दोन महिन्यांत खोक्यातली सालं-देठं कुठे गेली कळलं नाही. खाली काळं, मोकळं, चहाच्या पत्तीसारखं खत दिसायला लागलं. मधू येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकाशी मूठ धरायचा, "वास घ्या, वास घ्या," म्हणून.

श्रावणात त्याला ताप आला. ताप उतरला नाही, डोळे पिवळे झाले, मग नखं. झाडपाला झाला, गळ्यात माळ बांधून झाली, मग हॉस्पिटल. नवव्या दिवशी बाबा एकटेच जिना चढून आले.

त्यानंतर आई, जानकी, पार मिटली. रडली नाही. मधूचं नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. खोक्याजवळून जाताना मान फिरवायची. "पोरगा घाणीत हात घालायचा, त्यानेच झालं," असं चाळीत कोणीतरी बोललं होतं, आणि चाळीच्या भिंती म्हणजे काय, नावालाच.

खोकं सुगंधाने सांभाळलं. ती आता पेनांना टोपणं बसवायच्या गाळ्यात कामाला जायची. संध्याकाळी आली की चपला काढायच्या आधी गोणपाट उचलायची. चाळभर फिरून देठं गोळा करायची, मिठाचा हात लागला असेल तर धुऊन घ्यायची. एकदा चाळ कमिटीचे दोघे "हे उचला" सांगायला आले, तर म्हणाली, "उचला की. आधी मला उचला." परत आले नाहीत.

मधूचे कपडे बाबांनी गावी धाडले. चपला कोणी नेल्या ते कळलंच नाही. फोटो भिंतीवर होता, पण फोटो काय, जागचा हलत नाही. खोक्यात हात घातला की बोटांना वळवळ लागायची. मधूने स्वतःच्या हाताने सोडलेलं एवढं एकच जिवंत उरलं होतं, आणि ते जगवायचं, बास, एवढंच सुगंधाला कळत होतं. हे तिने कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसले असते, आणि मग तिने कोणाचं तरी डोकं फोडलं असतं.

वर्ष उलटलं आणि भाद्रपदात मधूचा पहिला म्हाळ आला. गेलेल्या माणसासाठी पान वाढून बाहेर ठेवायचं. कावळा शिवला की तो जेवला. तोवर घरातल्या कोणी तोंडात काही घालायचं नाही. जानकी पहाटेपासून चुलीशी होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. बाबांनी, धाकूंनी, मोरीच्या पत्र्यावर पान ठेवलं आणि हात जोडले.

"काव काव" करून त्यांचा घसा बसला. एक कावळा नाही. तास गेला, दोन गेले.

"मुलुंडचे कावळे कशाला येतायत?" नलिनीकाकू म्हणाल्या. "डंपिंगवर त्यांच्या रोज पंगती उठतात."

धाकू हळूच बोलायला लागले, "मधू, तुझ्या आईला सांभाळीन. सुगंधावर हात उचलणार नाय. शिव बाबा." सुगंधाने दुसरीकडे बघितलं.

दीड वाजला. धाकूंची वॉचमनची ड्युटी दोनला होती. "गायीला घालू," म्हणाले.

"नको." जानकी दारात उभी होती. "तेका माझो राग इलो हा."

वर्षात पहिल्यांदा ती मधूबद्दल बोलत होती.

"अंगात ताप होतो तेच्या. मी म्हटलंय, खाडो कित्याक करतंस, जा कामाक. मीच धाडलंय तेका. दोन दिस धाडलंय. तो माझ्या हातचा खावचो नाय."

धाकू तसेच उपाशीपोटी टोपी घालून जिना उतरले.

सुगंधाच्या डोक्यात सणक गेली. कावळ्यांवर, मधूवर, सगळ्यांवर. "थांब आई. ते येत नाहीत ना? मग मी जाते त्यांच्याकडे." तिने पत्र्यावरचं पान उचललं, वर दुसरं पान झाकलं आणि निघाली.

डंपिंग ग्राउंड म्हणजे पायी अर्धा तास. वाटेत तिने पान एकदाही सांडू दिलं नाही. तिथे वर आभाळ काळं झालं होतं कावळ्यांनी. एका ढिगावर तिने पान ठेवलं, दहा पावलं मागे सरकली आणि ओरडली, "मध्या, नाटकं बस झाली! आई उपाशी आहे!"

भंगार वेचणारी एक बाई पाठ सरळ करून बघत राहिली. "काय गं पोरी, कावळ्यांची बारशी घालतेस का?"

तेवढ्यात एक कावळा उतरला. तिरकी मान केली, पानाभोवती एक फेरी मारली आणि वडा उचलला. मग दुसरा आला, मग दहा. सुगंधा हसायला लागली. हसता हसता तिला कळलं की आपलं नाक वाहतंय. फ्रॉकच्या बाहीने तोंड पुसलं आणि ती पळत सुटली. आईला सांगायचं होतं, आई, आला होता, वडा घेतला, राग नाही त्याला.

जिना तिने दोन-दोन पायऱ्यांनी चढला.

जानकी गॅलरीत खोक्याशी मांडी घालून बसली होती. मांडीवर ताट. वडा मोडून सांबाऱ्यात बुडवत होती आणि खात होती, भूक लागलेलं माणूस खातं तशी. तोंडावर असं काही होतं की सुगंधा जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

"इलंस? ये गो हय. खाल्ल्यान तेना."

"कोणी?"

"तू गेलंस आणि माझ्या ध्यानात इला. कावळो कित्याक येतलो? तो तर हय असा. तू रोज तेका भरवतंस, मी कधी एक घास घालूक नाय. म्हणान रुसलो होतो." तिने उष्ट्या हाताने गोणपाट बाजूला केलं. "ऊन ऊन वाढलंय. टोपभर सांबारा घातलंय, खीर घातलंय. बघ, सगळे कसे वर इले जेवूक! नाचत इले गो. नाचत!"

खोक्यातून अजून वाफ येत होती. वर सांबाऱ्याचा लाल तवंग, खिरीतले तांदूळ, वड्यांचे तुकडे. त्यावर सगळी गांडुळं. वर आली होती खरी. पांढरी पडलेली, ताणलेली, काही कडेवरून बाहेर लोंबत होती. एकही हलत नव्हतं. खालच्या भोकांतून थेंब थेंब गळत होतं आणि फरशीवरही गांडुळंच.

सुगंधाच्या जिभेवर सगळं आलं. मारलंस तू त्यांना. मीठ, तेल, गरम, सगळं एका टोपात. वर्षभर मी देठं धुऊन घातली आणि तू...

"अगो जानकी, पण ती तर..." नलिनीकाकू दारात आल्या. सुगंधाने त्यांच्याकडे वळून जे बघितलं, त्याने काकूंचं वाक्य तिथेच तुटलं. त्या पदर सावरत आत गेल्या.

"तुझो कावळो शिवलो?" जानकीने विचारलं.

"नाही. सगळे पोटभर खाऊन बसलेले मेले. ढुंकून बघितलं नाही."

"माका ठावक होता." जानकी हसली. वर्षाने हसली. "मधू माझो असो कावळ्याच्या रूपान येवचो नाय. वाढ वायच भात."

सुगंधाने भात आणून वाढला. खोक्याकडे पाठ करून, आई आणि फरशीच्या मध्ये, ती ताट संपेपर्यंत उकिडवी बसून राहिली. जानकी चार वडे जेवली. मग आत जाऊन पंख्याखाली आडवी झाली आणि घोरायला लागली.

मग सुगंधाने वरचं सगळं उपसलं. बोटांनी चाळलं. कोपरापर्यंत हात घातला, खताच्या खाली, शेणाच्या खाली, पार सोडणांपर्यंत. तळाशीसुद्धा कोमट होतं. एखादं तरी असेल, विटेच्या आड, कोपऱ्यात, लहानसं. तिने एकेक वीट उचलून बघितली. परत बघितली. मग जे होतं ते सगळं आत भरलं, फरशी पुसली, गोणपाट घातलं आणि तिथेच भिंतीला टेकली.

दिवेलागणीला जानकी उठून आली. केस विंचरलेले, कपाळावर नीट कुंकू. तिच्याजवळ बसली.

"फाल्या सकाळी काय देऊया गो मधूक?"

"आता नको, आई."

"कित्याक?"

"पोट भरलं त्याचं."

जानकीने खोक्याकडे बघितलं. मग तिने मान हलवली. मनावरचं ओझं उतरलेलं माणूस हलवतं तशी, सावकाश.

"मगे तो खोको तरी कित्याक ठेवचो? गेलो तो सुखान. काढून टाक."

"हो," सुगंधा म्हणाली. "उद्या काढते."

आई आत गेली, तिने दिवा लावला. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग, किती दिवसांनी, आईचं गुणगुणणं. सुगंधाचे हात कोपरापर्यंत काळे होते. ते धुवायला काही ती उठली नाही.