त्याले काय आवडे?

केवलरामने पळसाचं आणखी एक पान जमिनीवर अंथरलं, वाऱ्याने उलटू नये म्हणून देठावर खडा ठेवला आणि पिशवीत हात घातला. ओमेश्वरी खिडकीतून पाहत होती. या वेळी पिशवीतून मक्याचं कणीस निघालं. ते पानावर ठेवून तो दोन पावलं मागे सरकला, वाढपी पंगतीकडे बघतो तसा.

पोळ्याची सुट्टी होती. ढोरांच्या दवाखान्यात आज कुणी येणार नव्हतं, म्हणूनच ती, इथली डॉक्टरीणबाई, आली होती. घरी अकरा महिन्यांची खुशबू झोपली होती आणि सासूबाई तिच्याजवळ होत्या. तासभर मिळाला होता. टेबलावर अर्ज होता, दवाखाना सोडून गोंदियाच्या कार्यालयात कागदांच्या कामावर जाण्यासाठीचा. नाव, हुद्दा, सेवेची वर्षं, सगळं भरून झालं होतं. ‘विनंतीचे कारण’ या रकान्यापाशी पेन चार दिवसांपासून अडलं होतं.

काय लिहायचं? एखादी बाई मेलेल्या गायीच्या गळ्यात पडून रडते तेव्हा मी सुईचं टोपण शोधत असते, हे? की लेकीला थोपटताना हात आपोआप तिच्या डाव्या कुशीवर जातो आणि बोटं टिचकी मारून पोट फुगलंय का ते बघतात, हे? आत काहीच हलत नाही. एवढंसं वाक्य, पण ते सरकारी मराठीत बसत नव्हतं.

पेन ठेवून ती मागच्या दाराने बाहेर गेली.

मोहाच्या झाडाखाली पानांची ओळ लागली होती. एकावर गूळ, एकावर अंबाडीची भाजी, एकावर चिंचेचा पाला. एका पानावर मात्र नुसता रंगीत कागद होता, नीट चौकोनी घडी घातलेला.

“हे काय मांडलंय, केवलराम?”

केवलराम दचकला नाही. तीस वर्षं या दवाखान्यात परिचर म्हणून काढलेला माणूस, कशाला दचकेल.

“पोस्टर हाय, मॅडम. निवडणुकीचं. श्यामलालची बकरी मेली नाही का होळीच्या मांगं, तिले पोस्टर लय आवडे.”

“कोणत्या पार्टीचं?”

“बकरीले पार्टी नसते.”

ओमेश्वरीला हसू आलं, आणि आलं याचंच तिला नवल वाटलं. मग तिने ओळीकडे पुन्हा पाहिलं. दोन वर्षं ती ऐकत आली होती. जनावर गेलं की ती हात धुवायला वळायची, आणि पाठीमागे केवलराम मालकाला हळूच विचारायचा, ‘त्याले काय आवडे?’ तिला तो प्रश्न निर्दय वाटे. रडणारा माणूस आणखी रडे. मग थांबे. मग सांगू लागे.

“याच्यासाठी विचारता होय तुम्ही?”

“मंग? मराचं कारन तुमी रजिस्टरात लिहता. मले लिहता येत नाही. मी खाचं ध्यानात ठेवतो.” त्याने गुळावरच्या मुंग्या फुंकरीने हटवल्या, मग ‘राहू द्या’ म्हणाला, मुंग्यांनाच. “पयले पयले मले नुसते मेलेलेच दिसत. जेवाले बसलो का समोर पाय ताठ केलेलं ढोर. नोकरी सोडाले निघालो होतो मी. माह्या बापानं सांगतलं, येड्या, त्यायले खाताना पाह्य. आता खाताना दिसतात. पोळ्याले एक डाव समद्यायले जेवू घालतो, मंग मनात जागा होते. पुढच्या सालचे बी तं येतीन.”

ओळीच्या शेवटी एक पान होतं. त्यावर खडा होता, बाकी काही नव्हतं.

“आणि हे?”

“हे तुमचं. कोसमटोल्याच्या रुख्मिणीबाईचा बैल, बादल. मी माह्या पोरीच्या लगनात होतो, तुमी एकट्याच गेल्या होत्या.” त्याने वर पाहिलं. “काय खाये तो?”

ओमेश्वरीने पानावरचा खडा उगाच नीट केला.

“नाही विचारल्या?”

“नाही.”

“मंग राहू द्या तसंच,” केवलराम म्हणाला आणि पिशवीची घडी घालू लागला. “उपाशी राह्यला तं राह्यला. एकाच दिवसाची गोष्ट.”

त्याने टोमणा मारला की समजूत घातली, ते तिला कळलं नाही. पण स्कूटी सुरू करताना आपण कोसमटोल्याला निघालोय हे मात्र तिला कळलं होतं.

तो रस्ता तिने जेठ महिन्यापासून टाळला होता. लसीकरणालाही केवलरामलाच पाठवलं होतं. त्या सकाळी फोन आला तेव्हा खुशबू पीत होती. अंगात बारीक ताप, डोळे मिटलेले, आणि एका मुठीत आईच्या पदराचं टोक. सोडवायला गेलं की ओठ आणखी घट्ट. वीस मिनिटं गेली. मग ती पोचली तेव्हा बैल खाली बसलेला, डावी कूस ढोलासारखी ताणलेली. ‘काय खाल्लं याने?’ तिने विचारलं होतं. ‘तनीस. दुसरं काय खाईन?’ म्हातारी म्हणाली होती. भाताची तणस खाऊन बैल असा फुगत नाही, हे तेव्हाही तिच्या मनात आलं. पण वेळ नव्हता. कुशीत जाड सुई घालून तिने हवा काढली. पाव तासात बैलाने मान टाकली. म्हातारी रडली नाही, भांडली नाही. ते न भांडणंच मागच्या सीटवर बसून तिच्यासोबत घरी आलं होतं.

गावात शिंगांना रंग लागत होते. गावाबाहेर ढोरं जमतात त्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधणं चाललं होतं. रुख्मिणीबाईच्या अंगणात उरलेला एकटा बैल धुऊन उभा होता. अंगावर झूल नव्हती, शिंगं कोरी होती. म्हातारी उंबऱ्यात बसून सुपातले तांदूळ निवडत होती.

“आता कोनी बिमार नाही, बाई,” तिला पाहताच म्हातारी म्हणाली.

“माहीत आहे. एक विचारायचं राहिलं होतं.” ओमेश्वरी तिच्यासमोर उकिडवी बसली. “बादलला काय आवडे, आजी?”

सुपातलं बोट थांबलं.

“विचारल्या तं होत्या तवा.”

“तेव्हा काय खाल्लं ते विचारलं होतं. आवडे काय, ते नाही.”

“आता कायले पायजे?”

“केवलरामने त्याच्यासाठी पान मांडलंय. ते रिकामं आहे.”

म्हातारीने सूप खाली ठेवलं. कोऱ्या शिंगांचा बैल मान वळवून इकडेच बघत होता. ती बोलली तेही जणू त्यालाच.

“भात. लहान होता तवापासून. चुलीवर भात शिजला का दाराच्या दाठ्ठ्यात येऊन उभा राहे, मानसावानी. माह्या नातीच्या, शामकलेच्या, लगनाचा गंजभर भात उरला होता. आंबून जाईन, फेकाचा कसा? थो येऊन उभा राह्यला. तोंड पुढं केला. मी देलो. टोपलं सरलं, मंग आनखी एक देलो. पोराले बी नाही सांगतलो. तुमाले तनीस म्हनलो.”

मग तिने मान वळवली आणि सरळ ओमेश्वरीच्या तोंडाकडे पाहिलं.

“त्यानंच ना, बाई?”

पोटात आंबलेला तो भात ओमेश्वरीला आता पुस्तकातल्या चित्रासारखा स्पष्ट दिसला. सुई घालून तिने हवा काढली होती, आणि आतलं आंबट तसंच चढत राहिलं होतं. तेव्हा भाताचं कळलं असतं तर तिने आधी सोडा पाजला असता. वीस मिनिटं आधी पाजला असता, तर कदाचित. नक्की नाही, कदाचित. रजिस्टरात तिने ‘पोटफुगी’ लिहिलं होतं. आता त्यापुढे काय लिहायचं हे तिला ठाऊक होतं, आणि समोरचे डोळे उत्तरासाठी थांबलेले होते.

“त्यानं बी असेल,” ती म्हणाली. “मलाही यायला उशीर झाला होता. फोन आला तेव्हा लेकीला पाजत होते. अंगात ताप होता तिच्या. सोडतच नव्हती.”

“केवढी हाय?”

“तेव्हा आठ महिन्यांची होती.”

“मंग कशी सोडन?” म्हातारी म्हणाली, इतकं साधं, की ओमेश्वरीला मान खाली घालावी लागली. सुपातले तांदूळ थोडा वेळ तिला नीट दिसले नाहीत. तिने टोपण शोधलं नाही. टोपण नव्हतंच.

रुख्मिणीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली. भांड्याचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा हातात वाटी होती, सकाळच्या मोकळ्या भाताने शिगोशीग भरलेली. उंबऱ्यापाशी ती थबकली. वाटीकडे पाहिलं, परत आत गेली, आणि आली तेव्हा वाटीच्या तळाशी मूठभर भात होता. तो तिने पळसाच्या पानात बांधून दिला.

“आज बैलाले निवद दाखवाचा हाय,” ती म्हणाली, एकट्या बैलाकडे बघत. “झूल कुठं ठेवलो, पाहाव लागन.”

दवाखान्यामागे केवलराम मोहाच्या बुंध्याला टेकून बसला होता. घरी त्याच्याही पोळा होता, पण तो गेला नव्हता. पोस्टरचं एक टोक कुणीतरी कुरतडलं होतं.

“मॅडम, खिडकी उघडी राह्यली तुमची,” तो म्हणाला. “तो कागद उडून खाली पडला होता. टेबलावर वजन ठेवून ठेवला. टपालात टाकाचा होता काय?”

“आज सुट्टी आहे,” ओमेश्वरी म्हणाली.

तिने पुडी सोडली. शेवटच्या पानाजवळ बसून देठावरचा खडा बाजूला केला आणि भात मधोमध ठेवला. केवलराम वाकून बघू लागला.

“एवढुसाच? बैल होता मॅडम तो, गडी.”

“एवढाच द्यायचा त्याला,” ती म्हणाली.