मोहासुरापुढं कोण उभं राहणार

कावेरीनं एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ते बदलायचं नाही, आणि यंदा तिनं मोहासुराला स्वतःच्या हातानं मारायचं मनात घेतलं होतं.

मोहासुर हा ‘असुरगड’ नावाच्या मोबाइल गेममधला शेवटचा राक्षस. एचएसआर लेआउटच्या मराठी मंडळात स्नेहसंमेलनाला जेवणाआधी या गेमची स्पर्धा असे. तिघांचा संघ, समोर राक्षस. जो त्याला आधी लोळवेल तो जिंकला. हा मोहासुर मोठा बिलंदर. अर्धा मेला की तो समोरच्यांतल्या सर्वांत जबर घाव घालणाऱ्याला मोहिनी घालतो आणि एक घाव त्याच्याच सोबत्यावर घालायला लावतो. गेल्या वर्षी कावेरीच्या परशूनं सगळ्यांपुढं ढाल धरून उभा असलेला दयानंद एका घावात आडवा केला होता. दयानंद म्हणजे तिचा सख्खा नवरा!

मग काय, लोकांना आयतंच कोलीत मिळालं. हेब्बाळच्या संघातला सुधींद्र तर भेटेल तिथं आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत विचारायचा, “काय कावेरी अक्का, दयानंद अण्णा बरे आहेत ना? स्वल्प जपा त्यांना!” कावेरी हसून घ्यायची, पण ते तिला झोंबायचं. म्हणून वर्षभर मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये ऑफिसच्या बसमध्ये बसून तिनं परशूला अशी धार काढली की मंडळात त्याला तोड राहिली नाही.

स्पर्धेच्या सकाळी हॉलच्या पायऱ्यांवर सराव झाला. जागा तीन आणि माणसं चार : कावेरी, दयानंद, शाळेतून निवृत्त झालेल्या महानंदा अक्का, ज्यांचा वैद्य जखमा भरायचा, आणि पुण्याहून नोकरीसाठी आलेली वेदिका, जिच्याकडं धनुष्य होतं. पहिल्या डावात वेदिका बाहेर बसली. राक्षस अर्धा मेला, कावेरीचा परशू फिरला आणि दयानंद पुन्हा आडवा.

“ताई, सॉरी,” वेदिका म्हणाली, “पण लॉजिकली दादांनाच ड्रॉप करायला हवं.”

“मी बसतो की बाहेर,” दयानंद म्हणाला. “त्यात काय.”

दयानंदाच्या जागी वेदिकाला घेऊन पाहिलं. या खेपेला परशू अक्कांच्या वैद्यावर पडला.

“मलम लावायला माणूस जिता तरी ठेव की ग,” अक्का म्हणाल्या.

परशू बाजूला ठेवून हलकं हत्यार घ्यावं, तर एकदा नाव नोंदवलं की शस्त्र बदलायची सोय नव्हती. कावेरीनं हॉलच्या दारातून डोकावलं. आत वाढपी पंगतीची तयारी करत होते. ते पाहता पाहता तिला निपाणीचे तिचे वडील आठवले. गावात कुणाचंही लग्न असो, पंगतीचा कारभार आप्पाजींकडं. तूप कुणी वाढायचं, भात कुणी, सगळं ते ठरवायचे. स्वतः मात्र हात पाठीमागं बांधून उभे. त्यांचा हात फार सढळ. “माझ्या हातात पळी आली तर पहिली पंगत तृप्त आणि शेवटची उपाशी,” असं तेच सांगायचे.

आणि कावेरीचा हात थेट बापाचा, असं सगळं गाव म्हणायचं.

तिला वाईट वाटलं. वर्षभराची मेहनत होती, का नाही वाटणार? पण पटलं म्हणजे पटलं.

“ऐका,” ती उठून म्हणाली. “दयानंद, अक्का आणि वेदिका. मी बाहेर.”

“अगं, पण तू तर आपल्यात सर्वांत—” दयानंद म्हणाला.

“तेच तर! मी नसले की मोहिनी वेदिकाला पडणार. तिचा बाण तुम्ही सोसाल, माझा परशू नाही सोसत. आप्पाजी पळी धरत नव्हते ते काय उगीच? जिंकणार आपण. चला.”

स्पर्धा सुरू झाली तशी कावेरी हात पाठीमागं बांधून उभी राहिली. हात शिवशिवत होते. राक्षस अर्धा मेला, वेदिकाला मोहिनी पडली आणि तिचा बाण दयानंदाला लागला. तो डगमगला, पण उभा राहिला. अक्कांनी घाईघाईनं मलम लावलं. पलीकडं सुधींद्रनं आपलाच ढालकरी लोळवला होता. थोड्याच वेळात इकडं मोहासुर कोसळला.

“सुधींद्र,” कावेरीनं मोठ्यानं विचारलं, “तुमचे ढालवाले बरे आहेत ना? स्वल्प जपा त्यांना!”

बक्षिसाला तीनच नावं पुकारली गेली. टाळ्या वाजवतानाही कावेरीचे कान चौथ्या नावाकडं लागले होते. खोटं कशाला सांगा? मग ती पंगतीची देखरेख करायला गेली आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर शेवटच्या पंगतीला बसली. श्रीखंडाचं पातेलं घेऊन दयानंद आला.

“उरलंय काय हो?” तिनं विचारलं.

“भरपूर,” तो तिच्या पानात वाढत म्हणाला. “आप्पाजींच्या लेकीनं आज पळी धरली नव्हती की.”