मूठमाती मंडळाची वही

टाकीमागं चाल बाई, मोज पावलं बारा,
शंखाच्या उशाशी निजे डॅन म्हातारा.
तिथून डावीकडं निळ्या बाटल्यांची वाट,
लेकरांच्या मातीला नको दाखवू पाठ.

आई पुढं चालायची, खांद्यावर फावडं. ऑगस्टातला दुसरा शनिवार, थडगी साफसूफ करायचा दिवस, पायाखाली पाइनच्या वाळक्या सुयांचा मऊ थर, कानाशी चिलटं, आणि आईचा तो जाडाभरडा गाता आवाज. मागून साऱ्या बाया ओळ उचलायच्या. सत्तर वर्षं झाली त्याला. आईचा चेहरा आयडेला मॅकरेला आता नीटसा आठवत नव्हता, फोटो कधी काढलाच नव्हता. आवाज मात्र जसाच्या तसा होता.

त्या बारा पावलांचा आता काही उपयोग राहिला नव्हता. रेल्वे उठली तशी पाण्याची टाकीही गेली. थडग्यांवर खुणेला मांडलेले शंख लोकांनी शोभेला नेले. लाकडाच्या कंपनीनं नवी रोपं लावायला साऱ्या वनातून नांगर फिरवला, तेव्हा बाटल्याही गेल्या. तरी न्यू कॅनन चर्चची माणसं दर ऑगस्टात तिथं जायची, अंदाजानं एका जागी उभी राहायची आणि जमिनीकडे बघून गायची. यंदा ती जमीन विकली गेली होती. गोदामं होणार होती, गोदामांना रस्ता लागणार होता, आणि रस्त्याची रेघ नकाशावर नेमकी त्या पाइनांमधून गेली होती. मोजणीवाल्यांनी लिहून दिलं होतं: थडगी आढळली नाहीत.

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारभारी मंडळानं आयडेलाला तीन आठवडे दिले होते. जमिनीखाली बघायचं यंत्र असतं म्हणे, पण ते आणायला मंडळाचा हुकूम लागतो आणि हुकमाला कागद लागतो. मरणाचे सरकारी दाखले होते, पण त्यांत ‘दफन: याच काउंटीत’ एवढंच. तिनं पहिल्या बैठकीत आईचं गाणं म्हणून दाखवलं होतं. अध्यक्ष हॅडॉक यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सुंदर आहे म्हणाले, आणि विचारलं, कोणती टाकी?

सगळ्यांना तिनं सांगितलं होतं की माझी आई पर्ली तिथं आहे. ते खरंच होतं. पण तिथंच आयडेलाची स्वतःची मुलगीही होती. एकोणीसशे एकोणपन्नास साली घरीच जन्मली, नऊ दिवस जगली, तिची ना जन्माची नोंद झाली ना मरणाची. नवरा लूशस वारल्यापासून त्या मुलीचं नाव आयडेलानं कुणासमोर उच्चारलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला आणखी काही नको होतं. तेवढ्या हातभर मातीवरून ट्रक जाऊ नयेत, एवढंच.

एकच कागद असू शकत होता. जुन्या काळी त्यांच्या, काळ्या लोकांचं एक मूठमाती मंडळ होतं. घराघरातून आठवड्याला थोडं थोडं जमा व्हायचं आणि ज्याच्या घरी मरण येईल त्याला पेटी, गाडी, खड्डा खणणारी माणसं मिळायची. चर्चचे कारभारी, डीकन हेगूड, मंडळाचे चिटणीस. कोण, कधी, कुठं पुरलं हे सारं ते वहीत लिहीत. डीकन अडुसष्ट साली गेले आणि वहीचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मंडळाच्या राज्यभर शाखा होत्या, तेव्हा मुख्य कचेरीकडे नकला गेल्या असतील आणि त्या कुठल्या तरी मोठ्या ग्रंथालयात पडून असतील, या आशेवर आयडेला गावच्या वाचनालयात आली.

तिथं व्हर्लीन टूल्स होती. आंतरग्रंथालयीन देवघेव असं दारावर लिहिलेल्या छोट्या खोलीत ती बसायची. गावात त्याला ‘व्हर्लीनकडून परगावचं मागवणं’ म्हणत. बत्तीस वर्षांपूर्वी ती तिथं लागली तेव्हा त्या इमारतीत पगारावर घेतलेली ती पहिली काळी व्यक्ती होती. त्या रविवारी न्यू कॅननमध्ये आयडेलानं स्वतः उभं राहून तिच्यासाठी प्रार्थना मागितली होती आणि दुपारी तिच्या घरी रताळ्याचं सारण भरलेला गोड ‘पाय’ भाजून पोचवला होता.

वही म्हणताच व्हर्लीनचा हात टंकफलकावरच थांबला. मग ती म्हणाली, बघू, कुठं तरी नक्कल असेल. असायलाच हवी. नियमानं एका वेळी पाच ग्रंथालयांना विचारता येत होतं. तिनं पहिल्या दिवशी चौदांना विचारलं. ज्यांना संगणकावरून उत्तर द्यायला वेळ लागतो त्यांना ती फोन करी, आणि फोनवर तिचा आवाज इतका काकुळतीला येई की आयडेलाला वाटे, ही माझ्या पोटची नाही, पण माझ्यासाठी किती तुटते आहे.

पहिलं पुस्तक पाचव्या दिवशी आलं. जाडजूड, हिरव्या कापडाचं, कमरेला कागदाची पट्टी: वाचनालयातच वाचावे. काउंटीतल्या सर्व थडग्यांची यादी, असं मुखपृष्ठावर होतं. एका महिला मंडळानं गावोगाव फिरून ती तयार केली होती. आयडेलानं चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवायला घेतलं, कारण सूचीवर तिचा विश्वास नव्हता. तीनशे बारा पानं. बाजूला बसून व्हर्लीन दुसरं काही काम करत असल्यासारखं दाखवत होती. दुपार टळली तेव्हा आयडेलाचं बोट एका ओळीवर थांबलं.

“हे बघ, व्हर्लीन. कर्नलसाहेबांचा घोडा. नाव मेजर, वय एकोणीस, संगमरवरी दगड.”

“मिस आयडेला, पुढं बघा,” व्हर्लीन म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला तिकडं लग्नानंतरही मानानं ‘मिस’च म्हणत.

“बघितलं. पुढं कर्नलसाहेब आहेत. घोड्याला वय आहे, दगड आहे. आपली माणसं पाइनात होती ना गं, घोड्याच्या थडग्यापासून हाकेवर? या बायका तिथवर आल्या आणि परत फिरल्या. ऊन लागलं असेल.”

ती हसली, पण ते हसू तिच्या तोंडावर टिकलं नाही. परतीच्या वाटेवर ती दोनदा थांबली, कुणाच्या तरी कुंपणाला धरून उभी राहिली.

दुसऱ्या आठवड्यात मायक्रोफिल्मचं रीळ आलं. शेजारच्या शहरातून निघणारं आपल्या लोकांचं जुनं साप्ताहिक. यंत्राच्या काचेवर पानं पळायला लागली की आयडेलाला बोट लागल्यासारखं व्हायचं, म्हणून व्हर्लीन चाक हळू फिरवायची. चर्चच्या जेवणावळी, लग्नं, कोण शिकागोहून सुट्टीला आलं, कुणाच्या गाईला जुळं झालं. एका अंकात पर्ली सापडली. दीड ओळ: सिस्टर पर्ली दीर्घ आजारानं प्रभूच्या घरी गेल्या, मूठमाती मंडळानं अंत्यविधी केला. कुठं, ते नव्हतं. आयडेलानं काचेवर हात ठेवला. यंत्राच्या दिव्यानं काच गरम झाली होती, आणि क्षणभर तिला वाटलं, आईला ताप आहे. मग तिनं एकोणपन्नास सालचा जून काढायला सांगितलं.

“जून कशाला? मिस पर्ली तर चोपन्नला गेल्या,” व्हर्लीन म्हणाली.

“काढ म्हणते तर काढ.”

व्हर्लीननं तिच्याकडे पाहिलं नाही. चाक फिरवलं. मे संपला आणि थेट ऑगस्ट लागला. मधले अंक फिल्म करायच्या आधीच हरवले होते, आणि तशी टीप एका कोऱ्या चौकटीत टंकलेली होती. आयडेला त्या चौकटीकडे बघत बसली. मग म्हणाली, बंद कर, डोळे दुखतात.

नकार रोज येत होते. आमच्याकडे नाही. आहे, पण बाहेर देत नाही. आहे, पण ती दुसऱ्या शाखेची. व्हर्लीन प्रत्येक नकारावर नवी मागणी पाठवत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि दुपारचं खाणं ती विसरत होती. आयडेलानं तिला घरून वाटाणे-भात आणून दिला, वर टोमणाही मारला की अशी वाळत गेलीस तर मूठमाती मंडळ परत सुरू करावं लागेल. व्हर्लीन ते ऐकून उठून बाहेर गेली. थट्टा अंगाशी आली असं वाटून आयडेला ओशाळली.

बैठक गुरुवारी सकाळी दहाला होती. बुधवारी, वाचनालय बंद व्हायला तासभर असताना, शेवटचं उत्तर आलं. एका मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयानं राज्यभरातल्या अशा मंडळांच्या कागदपत्रांची कधी काळी पाहणी केली होती. त्यातलं एक पान त्यांनी पाठवलं होतं. यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. व्हर्लीननं तो उचलला, वाचला, आणि घडी घालून मुठीत धरला.

आयडेलानं हात पुढं केला. व्हर्लीन म्हणाली की काही नाही, नेहमीचाच नकार. आयडेलानं हात मागं घेतला नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिनं पोरांच्या मुठी अशाच उघडल्या होत्या, न बोलता, नुसता हात पसरून. शेवटी व्हर्लीननं मूठ सैल केली.

पानावर शाखांची यादी होती आणि समोर, कुठली वही कुठं आहे ते. त्यांच्या शाखेसमोर लिहिलं होतं: नोंदवह्या तीन, दफनाच्या जागांसह. देणगी श्रीमती हेगूड, एकोणीसशे एकोणसत्तर. आणि शेवटच्या रकान्यात वाचनालयाचं नाव. आयडेलानं ते दोनदा वाचलं. नाव याच वाचनालयाचं होतं. कितीतरी गावांची दारं ठोठावून झाली होती आणि पत्ता निघाला होता त्या बसल्या होत्या तिथला.

“इथंच?” ती म्हणाली. “माझ्या पायाखाली?”

व्हर्लीन भराभरा बोलायला लागली. जुनी पाहणी आहे, अशा पाहण्यांत चुका असतात, इथं असतं तर मला माहीत नसतं का, बत्तीस वर्षं मी इथं आहे. आयडेला तोवर जिन्यापर्यंत पोचली होती. कठडा धरून, एकेक पायरी दोन पायांनी उतरत ती तळघरात गेली. तळघर स्वच्छ होतं. भिंतींना पिवळा रंग, फरशी पुसलेली, घडीच्या खुर्च्या, विकायला काढलेल्या बालपुस्तकांची दोन टेबलं. तिनं तरीही सगळं पाहिलं. टेबलांखाली वाकून पाहिलं, कपाटं उघडली, झाडू ठेवायच्या कोनाड्यात हात घालून चाचपलं. भिंतीवर थापा मारल्या, जणू मागं काही पोकळ निघेल. व्हर्लीन शेवटच्या पायरीवर उभी होती. खाली आली नाही.

“डीकनबाईंनी इथं का दिली असेल?” आयडेलानं विचारलं. तिला धाप लागली होती. “त्याच्या चार वर्षं आधीपर्यंत तर आपल्याला आत पाऊल टाकू देत नव्हते.”

“विटांची इमारत म्हणून असेल,” व्हर्लीन म्हणाली. “आपलं जुनं चर्च जळालं होतं ना.”

आयडेला एका लहान मुलांच्या खुर्चीवर बसली आणि तिथून तिला लवकर उठता येईना. रडू येत नव्हतं. नुसतं वाटत होतं की आपण इतकी वर्षं आवाज न करता जे जपलं ते आता खरंच कुठं नाही. उद्या तिला फक्त म्हणता येणार होतं की मला माहीत आहे, आणि माहीत असण्याला कागद नव्हता.

गुरुवारी न्यायालयाच्या इमारतीत बाकं निम्मी भरली होती. चर्चच्या बाया टोप्या घालून आल्या होत्या, गोदामांच्या कंपनीचे तिघं पुढच्या बाकावर होते. आयडेलानं पाहणीचं पान, पर्लीच्या दीड ओळीची प्रत आणि महिला मंडळाच्या यादीतलं घोड्याचं पान, एवढं मंडळापुढं ठेवलं. घोड्याचं पान तिनं रागानं आणलं होतं. अध्यक्ष हॅडॉक यांनी तिन्ही कागद वाचले. म्हणाले की मिसेस मॅकरे, यावरून वही होती हे दिसतं, पण वहीत काय होतं ते दिसत नाही. आवाज त्यांचा मऊच होता. ती म्हणाली की मी सांगते काय होतं, माझ्याच घरची माणसं होती. काउंटीच्या वकिलानं मान हलवली. घरच्या माणसाची आठवण धरता येणार नाही.

“निदान दोन महिने तरी द्या,” आयडेला म्हणाली. “एक महिना. पाया पडते मी तुमच्या, मला आणखी एका गावाला विचारू द्या.”

बायांच्या बाकावर कुणीतरी दबका हुंदका दिला. हॅडॉक घड्याळाकडे पाहून घेत म्हणाले की कंपनीची यंत्रं सोमवारी लागणार आहेत. वकिलानं कागद गोळा करता करता, केवळ विचारायची रीत म्हणून, सभागृहाला विचारलं की ही वही स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं, मॅकरे कुटुंबाबाहेरचं कोणी हयात आहे का. पंखा फिरत होता. बायांनी माना खाली घातल्या.

मागच्या बाकावरून व्हर्लीन उठली. गळ्यात कामावरची ओळखपट्टी तशीच होती. ती पुढं आली, शपथेसाठी हात वर केला, आपलं नाव आणि हुद्दा सांगितला. हॅडॉक यांनी मंडळाकडे तोंड करून बोलायला सांगितलं. तिनं ते ऐकलं नाही. ती आयडेलाकडे वळली.

“मी वाचली आहे. चौऱ्याहत्तरचा मार्च, नोकरीचा चौथा दिवस. वाचनालयाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, तळघरात ओल येते, त्या लोकांची खोकी काढून टाक. तीन वह्या होत्या, मिस आयडेला. टाकायच्या आधी मी उघडल्या. नाव, तारीख, वय, जागा, सगळं डीकनच्या अक्षरात. मी पायरीवर बसून वाचत राहिले, कारण सगळी नावं मला ओळखीची होती. वाटलं, घरी न्याव्यात. पण बाई वर उभ्या होत्या आणि मला ती नोकरी हवी होती. मी खोकी बंद केली आणि कचऱ्याच्या गाडीवर चढवली. माझ्याच हातांनी. कुणी माझा हात धरला नव्हता. त्याच रविवारी तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना मागितलीत आणि रताळ्याचा ‘पाय’ घेऊन आलात, मी तो खाल्ला. तेव्हापासून एकही दिवस असा गेला नाही की तुम्हाला सांगावं असं वाटलं नाही. या तीन आठवड्यांत वाटत होतं, कुठं तरी नक्कल निघेल आणि मला सांगावं लागणार नाही.”

आयडेला उभीच होती.

“तुम्ही मला जून काढायला सांगितलंत तेव्हाच मी सांगायला हवं होतं,” व्हर्लीन म्हणाली. “एकोणपन्नास सालचा जून, तारीख अठरा. रोझेटा मॅकरे. वय दिवस नऊ. जागा पाइनवन, रेल्वेच्या टाकीमागं, लहान मुलांची रांग.”