कंपनीची माणसं

सत्यजीतने टेबलावरचं डस्टर उचललं आणि वसुंधराबाईंच्या हातात दिलं.

"पुसा."

बाईंनी नुकतीच शेवटची ओळ संपवली होती. बोटांना खडू लागलेला होता. त्यांनी डस्टर होतं तिथे परत ठेवलं आणि बोटं रुमालाला पुसली.

"काय चुकलंय?"

"चुकलेलं काही नाही, ओगले मॅडम. नको आहे."

"अहो, शब्दाची माहिती आहे. कोशात आहे तशी. मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही."

"शेवटची ओळ कोशातली आहे?"

बाईंनी रुमालाची घडी घातली.

"मी इंजिनिअर असलो तरी मला मराठी वाचता येतं," सत्यजीत म्हणाला.

कॅन्टीनच्या फळ्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'कंपनी. लॅटिनमध्ये कॉम म्हणजे सोबत आणि पानिस म्हणजे भाकरी. एका भाकरीतलं खाणारे ते सोबती आणि त्यांची ती कंपनी. आपला पावही याच पानिसच्या कुळातला, पोर्तुगिजांबरोबर आलेला. पुढे या शब्दात व्यापारी शिरले, पलटणी शिरल्या, नाटकवाले शिरले. भाकरी तेवढी बाहेर राहिली.'

पनवेलजवळ, कोन गावाच्या पुढे पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या या कंपनीत वसुंधराबाई बावीस वर्षं टाइम ऑफिसात होत्या. हजेरी हे त्यांचं काम आणि फळा ही त्यांची हौस. सुरुवातीला त्या सुविचार लिहायच्या. पण आठ तास उभं राहून काम करणाऱ्या माणसांना 'कष्टाला पर्याय नाही' हे रोज सांगायची त्यांची त्यांनाच लाज वाटू लागली. मग त्यांनी शब्द धरले. 'बिस्किट' म्हणजे मुळात दोनदा भाजलेलं, असं त्यांनी लिहिलं त्या दिवशी कॅन्टीनमधली बिस्किटं चहाआधीच संपली होती. असा मान मिळाला की बाई दोन दिवस खुशीत असायच्या.

सोमवारी मात्र फळ्याशेजारी एक नोटीस लागली. 'जागेअभावी कंत्राटी कामगारांनी भोजनासाठी मागील शेडचा वापर करावा.' कंत्राटी कामगार म्हणजे रद्दी निवडणाऱ्या आणि गठ्ठे बांधणाऱ्या नऊ बाया. चार वर्षं त्या कॅन्टीनमध्ये, बेसिनजवळच्या शेवटच्या दोन बाकांवर जेवत होत्या. तेव्हा जागेचा अभाव कुणाला जाणवला नव्हता. आता शुक्रवारी एक बडं गिऱ्हाईक कंपनी बघायला येणार होतं आणि फडक्यात बांधलेल्या नऊ भाकऱ्या सत्यजीतच्या डोळ्यांत खुपू लागल्या होत्या. दोनच वर्षांपूर्वी आलेला, कानामागून येऊन तिखट झालेला हा मॅनेजर. बाईंना त्याचा भयंकर राग आला. दोन दिवस त्यांनी तो पोटात ठेवला आणि बुधवारी खडू उचलला.

"मी पुसणार नाही," आता त्या म्हणाल्या. "तुम्हाला हवं तर तुम्ही पुसा."

सत्यजीतने डस्टर उचललं. वाढपाच्या खिडकीत तिघं जण वरणाचं पातेलं धरून बघत उभे होते. त्याने डस्टर पुन्हा ठेवलं.

"डिसेंबरात तुम्ही रिटायर होताय. दोन वर्षांच्या मुदतवाढीचा तुमचा अर्ज माझ्याकडे आहे. लक्षात आहे ना?"

न राहायला काय झालं? यजमान गेल्यापासून रोडपालीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटीने बसायचं ही नुसती कल्पनाही बाईंना नको वाटायची. त्या अर्जासाठी त्यांनी सत्यजीतच्या केबिनचे चार हेलपाटे घातले होते. तरी त्यांनी डस्टरला हात लावला नाही आणि फळा तसाच राहिला.

साडेबाराचा भोंगा झाला आणि फळ्यासमोर गर्दी जमली. डिस्पॅचच्या उदयसिंहांनी मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकला.

"मॅडम, काय हाणलंत! एकदम वर्मावर!"

कॅन्टीनच्या कोपऱ्यात प्लायवूडची आडभिंत होती आणि तिच्यामागे स्टाफचं टेबल. तिथे जेवण होईपर्यंत हाच विषय पुरला. एकाच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत 'कंपनी सरकार' होतं. एकाचा मेहुणा सैन्यात कंपनी कमांडर होता. एकाची आई म्हणायची, पोरगा वाईट नाही हो, कंपनी वाईट. उदयसिंहांचं म्हणणं, शनिवारी संध्याकाळी बसायचं तर कंपनी पाहिजे, एकट्याने घेतली की डोक्यात जाते. सगळे हसले. कुणी बाईंच्या डब्यातली कोशिंबीर घेतली, कुणी त्यांना लोणचं दिलं. मागच्या शेडचं नाव कुणी काढलं नाही. मग हात धुऊन जो तो आपल्या कामाला लागला.

बाई मात्र हवेत होत्या. हे त्या नऊ जणींना कळायलाच हवं, असं वाटून त्या जेवणाची सुट्टी संपायच्या आत शेडकडे गेल्या.

एप्रिलचं ऊन होतं. शेड बॉयलरला पाठ लावून होती, तिचा पत्रा तापला होता. नळ नव्हता. बाया रद्दीच्या गठ्ठ्यांवर बसून शेवटचे घास खात होत्या. बाटलीतलं पाणी जपून हातावर घेऊन एकीने हात धुतले. पारू सगळ्यांत कडेला होती. ती कुणाची मुकादम नव्हती, पण कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरून ठेकेदाराचा टेम्पो निघाला की त्यात कोण कुठे बसणार हे तीच ठरवायची.

"फळ्यावर वाचलंत का?" बाईंनी विचारलं.

"रूपानं वाचून सांगितलं," पारू म्हणाली. रूपा तिची पुतणी, नववीपर्यंत शिकलेली. पाणी भरायला आत गेली तेव्हा तिने वाचलं होतं. "चांगलं लिवलंय."

"पटलं ना?"

"पटलं की. पन गेटवर रोज इचारतात, कंपनीची का ठेकेदाराची? मी सांगते, ठेकेदाराची. चार वर्सं झाली. सकाळी कंपनीत येते, सांजचं कंपनीतनं जाते, पन कंपनीची नाय. आनि आमच्या वाडीत तर कंपनी म्हंजे तारेचं कुंपान. कंपनी आली म्हंजे लाकडाची वाट बंद झाली. ह्ये भाकरीचं पयल्यांदाच ऐकलं."

"म्हणूनच तर लिहिलं मी."

पारूने फडकं झटकलं, त्याची घडी घातली.

"तुमी जेवल्या?"

"हो, आत्ताच."

"कुठं?"

"आत," त्या म्हणाल्या.

पारूने फडक्याची घडी कमरेला खोचली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. बावीस वर्षं त्या प्लायवूडमागे जेवत आल्या होत्या. त्यातली चार वर्षं या बाया पलीकडे होत्या, आणि त्यांच्या भाकरीचा वास येऊनही आपण कधी त्या आडभिंतीच्या पलीकडे जाऊन बसलो नाही, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"उद्यापासून मी इथे येते," त्या म्हणाल्या. "तुमच्याबरोबर जेवायला."

रूपाला हसू आलं. पारूने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि मग स्वतःही हसली.

"इथं येऊन काय करनार, मॅडम? आमी नऊ जनी घाम गाळतो, तुमी धाव्या. त्या सायबाला काय, त्याला बरंच."

"मग मी काय करू?"

"कागदावर काय लिवलंय त्यानं? जागा नाय. तेच लिवलंय ना, रूपा?"

"जागेअभावी," रूपा म्हणाली.

"तर मंग तुमी आमची जागा धरा. आमाला भोंग्यानंतर धा मिंटं उशिरा सोडतात. तवर बाक भरतात. मंग म्हनतात, बगा, कुठं हाय जागा? आमी यष्टीत धरतो तशी धरा. उद्या आमी आत येनार हाव. कालच ठरलंय आमचं."

"पारू, ठेकेदार परवा कामावर घेणार नाही तुम्हाला."

"नऊच्या नऊ काढल्या तर गठ्ठे कोन बांदंल? शुक्रवारी त्याचे पावने येनार हायेत. रद्दीच्या ढिगावर बसवील काय त्यांना?" पारू उठली. "एकीला काढली तर नऊ जनी टेम्पोत चढनार नाय. तुमचं तुमी बगा. जमंल तर धरा. नाय जमलं तर आमी उभ्यानं खाऊ, पन आत."

त्या रात्री बाईंना झोप लागली ती उशिरा, आणि सकाळी त्यांनी नेहमीसारखा चार कप्प्यांचा डबा भरला.

गुरुवारी बारा पंचविसाला त्या कॅन्टीनमध्ये शिरल्या. हॉल रिकामा होता. बेसिनजवळच्या दोन बाकांशी त्या उभ्या राहिल्या आणि हातात काय काय आहे ते बघितलं. आधी रुमाल पसरला. मग पर्स ठेवली. छत्री, चष्म्याचं घर, हजेरीचं रजिस्टर. डब्याची कडी काढून चारही कप्पे एकेका जागेपुढे टेबलावर मांडले. नऊ जागा झाल्या. वाढपाच्या खिडकीतले तिघं काम सोडून बघत होते.

भोंगा झाला. माणसं ताटं घेऊन आली आणि थबकली.

"मॅडम, इथे कोण?"

"आहेत."

"कोण आहेत?"

"येतायत."

पनवेलच्या स्टँडवर ज्याने आयुष्यात एकदा तरी गाडी पकडली आहे त्याला हा कायदा शिकवावा लागत नाही. खिडकीतून कुणीतरी रुमाल टाकलेला असला की ती जागा गेली. भांडण होईल, आईबाप निघतील, पण तो रुमाल उचलून बाहेर फेकायची छाती सहसा कुणाची होत नाही. ताटं घेऊन आलेले चार जण रुमालाकडे आणि वरणाच्या कप्प्याकडे बघत उभे राहिले आणि पुटपुटत दुसऱ्या बाकांवर दाटीवाटीने बसले. उदयसिंह आडभिंतीमागून डोकावले. "मॅडम, इकडे येताय ना?" त्यांनी विचारलं. बाईंनी नुसता हात हलवला. कालच्या 'काय हाणलंत'ची त्यांना आठवण झाली.

कुणीतरी बातमी पोचवली असणार. पाच मिनिटांत सत्यजीत आला.

"हे काय चाललंय?"

"जागा धरलीय."

"कोणासाठी?"

"पारूसाठी. रूपासाठी." बाई पुढचं नाव घ्यायला गेल्या आणि अडल्या. कंपनीतल्या एकशे चाळीस माणसांची नावं त्यांना वडिलांच्या नावासकट तोंडपाठ होती. उरलेल्या सात जणी ठेकेदाराच्या वहीत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला. "बाकीच्यांची नावं त्या सांगतील," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाहीत. ती माझी चूक."

"मॅडम, इथे आत्ता कोणी बसलेलं नाही."

"बसणार आहेत."

"नोटीस वाचलीत ना?"

"वाचली. जागेअभावी म्हटलंय. जागा आहे."

सत्यजीतने रुमालाकडे हात नेला. हॉलमधला भांड्यांचा आवाज थांबला. तो खोपोलीचा, कॉलेजला चार वर्षं एसटीनेच ये-जा केलेला. त्याचा हात रुमालापासून वीतभर अंतरावर राहिला, आणि मग त्याने तो खिशात घातला.

दारातून बाया आत आल्या. घाईने नाही, रांगेनेही नाही. पारू पुढे होती. तिने रुमाल उचलून घडी करून बाईंच्या हातात दिला आणि बसली. रूपाने पर्स बाजूला सारली. ज्यांच्यापुढे डब्याचे कप्पे होते त्यांनी ते हाताने थोडे पुढे ढकलून फडकी सोडली. एकीने कप्प्यात डोकावून बघितलं.

"भेंडी हाय."

"घे की मंग," पारू म्हणाली. "थंड व्हईल."

तिने घेतली, आणि भाकरीचा तुकडा मोडून कप्प्याच्या झाकणात ठेवला. बाई अजून उभ्याच होत्या. नऊ जागा मोजून धरताना दहावी धरायची राहूनच गेली होती.

"सरका गं," पारू म्हणाली. बाक करकरला. बाई आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकावर, अर्ध्या मांडीवर का होईना, बसल्या. पुढ्यात आलेला तांदळाच्या भाकरीचा तुकडा त्यांनी उचलला.

सत्यजीत त्यांच्या खांद्याशी वाकला. आवाज त्याने अगदी खाली आणला होता.

"तुमचा अर्ज मी आज वर पाठवणार होतो, मॅडम."

बाईंना रोडपालीचा फ्लॅट आठवला. त्यांनी तोंडातला घास चावून संपवला.

"नका पाठवू," त्या म्हणाल्या. "आणि साहेब, जरा बाजूला व्हा. तुमच्यामागे एक जण उभी आहे, तिला बसायचंय."

सत्यजीतने वळून पाहिलं. फडकं छातीशी धरून एक लहानखुरी बाई त्याच्या मागे, तो सरकायची वाट बघत थांबली होती. नजर खाली नव्हती तिची.

"काय नाव?" वसुंधराबाईंनी तिला विचारलं.

"सोमी," ती म्हणाली. सत्यजीत बाजूला झाला.