काळे लंगोट

दिवाणखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे, पाहुण्यांची पोरं आणि इथे काय चाललंय याचा पत्ताच नसलेले रस्त्यावरचे दोघे, सगळे माना उंचावून उभे. मधोमध शुभ्रबाबा. कपडे इतके पांढरे की बघणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यावं. समोर दोन घमेली, दोन्हींत पाणी.

हकीकत अशी, की घरातल्या तान्ह्या नातीचे लंगोट साबणाने धुतले की काळे पडायचे. जितके घासावे तितके काळे. सासूबाईंनी आधी साबण बदलला, मग नळाला दोष दिला आणि शेवटी, हाताशी होती म्हणून, सुनेला.

"घरावर काळी सावली आहे," बाबा म्हणाले. "कुणाची, ते पाणीच सांगेल!" नातीचा ओला लंगोट त्यांनी टर्रकन फाडून त्याचे दोन तुकडे केले. "सूनबाई, धरा हे घमेलं."

सुनेने धरलं. मंत्र सुरू झाला. मंत्र असा लांबलचक, की मागे एकाला डुलकी लागली, जाग आली, तरी तो चालूच. पण संपला तेव्हा घमेल्यातलं फडकं कोळशासारखं काळं!

"अगं बाई!"

"आता हिला फाटकाबाहेर उभी करा." सून बाहेर गेली. दुसरं घमेलं, दुसरा तुकडा, तोच मंत्र. फडकं पांढरंच्या पांढरं.

"बघितलंत? ही बाहेर, तर सावली बाहेर! पाठवा हिला माहेरी. बाळ इथेच ठेवा. आईचं दूध तोडा, डाग तुटेल."

कोपऱ्यातल्या खुर्चीत आत्या बसली होती, बाळाच्या आजोबांची धाकटी बहीण. आईबापांकडून मुलांकडे उतरणारे आजार शोधण्यात तिची सगळी हयात प्रयोगशाळेत गेली होती. अशा घरांत पुढे काय होतं ते तिने इतक्यांदा पाहिलं होतं, की आता आत काही हलत नसे. फार वेळ मांडी घातल्यावर पाय बधिर व्हावा, तसं तिचं आतलं सगळं झालं होतं. राग यायला हवा, एवढं तिला कळत होतं. येत नव्हता. फाटकाच्या गजांतून सून आत बघत होती आणि तिच्या कपड्यांवर दुधाचे ओले डाग उमटले होते. आत्या गुडघ्यांवर हात देऊन उठली.

"बाबा, पाणी ओतून टाकू नका हं. आलेच मी."

ती न्हाणीघरातून एक जुना पंचा भिजवून घेऊन आली. वास आला तशी पुढची रांग मागे सरकली.

"वन्सं, हे काय आणलंत?"

"माझंच आहे, वहिनी. लाजायचं वय गेलं." तिनेही पंचा फाडून त्याचे दोन तुकडे केले. "सूनबाई, आत ये. फडकं पांढरं राहिलं ते घमेलं तू धर. आणि तुझं मघाचं बाबांच्या मांडीवर. मंत्र कोण म्हणतंय? बरं, मीच म्हणते. मला पाढे येतात."

आणि तिने खरोखर पाढे म्हटले. सुनेच्या हातातला तुकडा पांढरा राहिला. बाबांच्या मांडीवरचा काळाकुट्ट झाला.

"आयला, सावली तर बाबांचीच निघाली!" मागून कुणीतरी म्हणालं.

"सावली नाही, बाबांच्या मांडीवरच्या घमेल्यात धुण्याचा सोडा आहे," आत्या म्हणाली. "सूनबाईच्या घमेल्यात व्हिनेगर, वास घेऊन बघा. काही माणसांच्या शरीराला एक आम्ल मोडता येत नाही, ते लघवीतून जातं. हवा लागली की काळं पडतं. सोड्यात, साबणात लवकर पडतं, आंबट पाण्यात पडत नाही. तेवढा वेळ जायला हवा, म्हणून मंत्र लांब."

तिने डोक्याचा रुमाल सोडला. कान निळसर काळे होते.

"मला हे जन्मापासून आहे. अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून, असं दोन्हीकडून मिळावं लागतं. एकट्या सुनेला देताच येत नाही. दुसरं अर्धं या घरचं. आई माझे लंगोट कपाटामागे वाळवायची. आठवतं ना, दादा?"

आजोबा जमिनीकडे बघत होते. "आठवतं."

"अहो, मग बोलला का नाहीत?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, बाळाला काय होईल?" सुनेने विचारलं.

"लहानपणी काही नाही. पुढे कान, पाठ, सांधे. माझ्याकडे बघ, साधारण एवढं. डॉक्टरांना दाखवत राहा. दूध तोडू नकोस." हेच ती कितीतरी आयांना सांगत आली होती, याच आवाजात.

घमेलं बाजूला सारताना काळं पाणी मांडीवर सांडलं, तो डाग झाकत बाबा निघाले. निम्मी गर्दी त्यांच्यामागे गेली. बाबांना पुढच्या घरी जायचं होतं. सुनेने काळे तुकडे पिळले आणि अंगणातल्या दोरीवर, रस्त्यावरून दिसतील असे, वाळत घातले. आत्या बघत राहिली. आत अजूनही काही हललं नाही. गुडघे तेवढे दुखले.

तेव्हा मंडळी, डागाकडे बोट दाखवून कुणी घरातल्या बाईला बाहेर काढायला सांगितलं, तर आधी पाण्यात काय कालवलंय ते विचारा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. नाक पुरतं.